बैलाची घडी

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आपण काम करत राहतो आणि ते टेबलावरच्या न धुतलेल्या कपांसारखे साचत जातात. यवतमाळच्या आमच्या ऑफिसात माणसं दोनच, मी आणि प्रफुल. काम एकच, गावोगावच्या जनावरांची नोंद ठेवणारं ॲप. महागावचे एक जनावरांचे डॉक्टर ते तपासत होते. त्यांनी सही केली तर ॲप चालणार, नाहीतर ऑफिसला कुलूप आणि मी पुण्याला. मला पुण्याला जायचं नव्हतं.

*

आईनं एकदा विचारलं, "दिवसभर तू करतं तरी काय वं?"

"बैलांच्या घड्या घालते."

खोटं नाही ते! प्रोग्राममधला बैल डेटाबेसमध्ये जसाच्या तसा मावत नाही. नाव, रंग, दात, लस अशी त्याची घडी घालून साधा कागद करावा लागतो. घडी घालणाऱ्या कोडला सीरियलायझर म्हणतात.

आई म्हणाली, "अन् घरच्या कपड्याईच्या घड्या कोन घालन?"

*

आधी आम्ही तयार सीरियलायझर वापरला. त्यानं हिरा नावाचा बैल उचलला. हिराचा जोडीदार मोती, म्हणून हिराच्या आत मोतीची घडी घातली. मोतीचा जोडीदार हिरा, म्हणून मोतीच्या आत पुन्हा हिरा! भर दुपारी सर्व्हर आडवा झाला.

"बैल थकत नाही, सर्व्हर थकते," प्रफुल म्हणाला. मग त्यानं स्वतःचा सीरियलायझर लिहिला. जोडीदाराचं फक्त नाव ठेवायचं, आणि जे रिकामं असेल ते ठेवायचंच नाही. या नियमाचा त्याला फार अभिमान.

*

पक्के दात न आलेल्या गोऱ्ह्याला अदात म्हणतात. अदात म्हणजे दात शून्य. प्रफुलच्या हिशेबी शून्य म्हणजे रिकामं, त्यामुळे दातांची ओळच गायब.

डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या ॲपातल्या गोऱ्ह्याईले तोंडच नाही!"

प्रफुलनं शून्याला माफी दिली. बाकी नियम तसाच.

*

मग तारखा. साठवताना घड्याळ लंडनच्या वेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागं जायचं आणि रात्री बाराला सुरू होणारी प्रत्येक तारीख आदल्या दिवशी जाऊन पडायची.

"लस मी मंगळवारी टोचली, तुम्ही सोमवार दाखवून राह्यले," डॉक्टर फोनवर ओरडले. "सोमवारी मी वणीले गेलतो!"

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "वणीले? तुम्ही तं दवाखान्यात होते म्हणे!"

तारीख मी पाच मिनिटांत दुरुस्त केली. डॉक्टरांच्या घरचं काय झालं, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

*

शेवटची तपासणी महागावजवळच्या तांड्यावर, रामधन काकांकडे. हिरा-मोती त्यांचेच. हिरा महिन्यापूर्वी मेला होता. मोती एकटाच खुंट्याला बांधलेला.

"काकाले पटलं तं मी सही करतो," डॉक्टर म्हणाले.

मी मोतीची नोंद वाचली. नाव, रंग, दात, लस.

"अन् जोडीदार?" काकांनी विचारलं.

हिरा मेल्यावर प्रफुलनं ती जागा रिकामी केली होती. रिकामं ते ठेवायचं नाही! ओळच उडाली होती.

"काका, हिरा गेला नं," प्रफुल म्हणाला. "म्हणून काढला."

"मेला तं मेला. जोडीदार काहून काढला?"

डॉक्टरांनी पेन परत खिशात ठेवलं. मला पुणे दिसायला लागलं. खरं सांगते, त्या क्षणी मी इतकी थकले होते की पुण्याला जायलाही बरंच वाटलं असतं. पण साध्या बदलाला दोन दिवस मागणारा प्रफुल तिथंच मातीत मांडी घालून बसला, आपला लाडका नियम त्यानं खोडला आणि हिराला परत आणलं. वीस मिनिटं लागली.

काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं, "मोती. जोडीदार, हिरा. मयत."

डॉक्टरांनी पेन काढलं. काकांनी खुंट्याकडे पाहिलं.

"मयत जरा हळू वाच बेटी. तो ऐकून राह्यला."