डिबेट कोण जिंकलं म्हणे!

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे.

आज लंचला अबू धाबीतल्या मुसफ्फाच्या आमच्या ऑफिसात टीव्हीवर अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट लागली होती. इराकच्या युद्धावरून दोघं भांडत होते आणि आमचे मॅनेजर मॅच बघितल्यासारख्या टाळ्या पिटत होते. शेजारीच बगदादची हना जेवत होती. तिची आई तिथेच आहे, कालपासून फोन लागत नाहीये.

मी म्हणाले, "सर, आवाज तरी कमी करा. हनाची आई तिथे आहे."

"अगं, एन्जॉय कर! हना, टेल अस, हू वन?"

हना डबा तसाच टाकून बाहेर गेली. मी टीव्ही बंद केला. साहेब माझ्यावर ओरडले, मीही ओरडले.

बाकीचे सगळे मान खाली घालून जेवत राहिले. त्यांचाच राग जास्त आलाय.

खरं सांगा, तुम्ही बोलला असता?