पिसं झडलेली कोंबडी घेऊन कन्हानला

लग्न होऊन मी नागपूरला आले, तोवर कोंबडीला कधी हातही लावलेला नव्हता. सासूबाईंनी मात्र मागच्या अंगणात सात-आठ कोंबड्या पाळलेल्या. सकाळी स्वतः चहा घ्यायच्या आधी त्या त्यांना दाणे टाकत. त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला त्या नणंदेच्या बाळंतपणासाठी कन्हानला गेल्या. जाताना म्हणाल्या, "कोंबड्याईकडे लक्ष ठेवजो वं."

थंडीचा कडाका पडला आणि रोज सकाळी खुराड्यात पिसांचा सडा दिसू लागला. तांबड्या कोंबडीचे हाल सगळ्यांत वाईट. मान उघडी, शेपूट गळालेलं, पाठीची गुलाबी कातडी दिसायची. अंडी तर केव्हाच बंद झाली होती. मी खुराड्याला पोती बांधली, ज्वारी जास्त टाकली, तरी पिसं गळतच होती.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं. "मानमोडी तर नसंल? आमच्या साऱ्या त्याच्यातच गेल्या," त्या म्हणाल्या. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची साथ, एकीला झाली की खुराडं रिकामं करून जाते.

हे हिंगण्याला कारखान्यात होते. ड्युटीवरून आल्यावर त्यांना सांगितलं.

"मरतीनच, तं आधीच कापून टाकू," ते म्हणाले. "रविवारी सुट्टी आहे मले."

"आईंना न विचारता?"

"आईले मंग सांगू."

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, तशी मी तांबडीला वेताच्या टोपलीत घातलं, वर जुनं लुगडं बांधलं आणि कन्हानची बस धरली. कामठीपर्यंत ती गप्प होती. मग लुगड्यातून तिची बोडकी मान वर आली. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावून जागा बदलली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मला दारात पाहून सासूबाई घाबरल्या. "काय झालं वं? घरी सारे बरे हायेत ना?"

मी टोपली सोडून दाखवली.

त्यांनी तांबडीला मांडीवर घेतलं, डोळे पाहिले, मान फिरवून पाहिली. मग माझं बोट धरून तिच्या पाठीवर ठेवलं. "हात लावून पाह्य. काय लागते?"

कातडीखालून बारीक, टणक कोंब टोचत होते.

"नवे पिसं येऊन राह्यले. जुने टाकते ते दरसाली. यंदा थंडीत टाकले, म्हणून तुले भेव वाटलं. खाऊन राहिली ना?"

"खाते जी. भरपूर खाते."

"मंग काहून रडतं?"

मी रडते आहे हे मला तेव्हा कळलं. आत खाटेवर नणंद पोट धरून हसत होती. सासूबाई हसल्या नाहीत. तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "मी नवी होती तवा मलेही नाही समजलं. साऱ्या कापून वाटून देल्ल्या होत्या मी. तू इचाराले आली, बरं केलं."

त्यांनी मला गरम भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. तांबडी अंगणात उन्हाला जाऊन बसली आणि परतीच्या बसची वेळ झाली तरी तिथून उठायला तयार नव्हती.