दोर कापायचा नाही

काकूंच्या घरात हवेशीर खोली एकच होती आणि ती दोरांना दिलेली होती. माणसं स्वयंपाकघरात, पडवीत, जिथे अंग मावेल तिथे झोपत. दोर मात्र समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधल्या वाऱ्यात, लाकडी खुंट्यांवर, सैल वेटोळी करून आरामात लटकत. खिळा एकही नव्हता, कारण खिळा गंजतो आणि गंज दोराला खातो. जमिनीवर काही ठेवायचं नाही, कारण जमिनीवर उंदीर. ऊन आत येऊ द्यायचं नाही, वारा अडवायचा नाही, आणि भिजलेला दोर पुरता वाळलाय का ते हात लावून बघितल्याशिवाय आत न्यायचा नाही.

"आमच्या घरी जन्माला यायचं तर दोर होऊन यावं," काका म्हणत. पण हळू म्हणत.

दोरांना त्या घरात नोकरी होती आणि नोकरीत पायऱ्या होत्या. नवा दोर गाडीवरचा चारा आवळायला. तिथे तो थकला की जनावरं बांधायला. तिथून कुंपणाच्या फाटकाला. तिथेही जीव राहिला नाही की कपडे वाळत घालायला. शेवटी पीळ सोडून त्याचा चोथा व्हायचा आणि तो भांडी घासायला यायचा. शेजारीण एकदा म्हणाली होती, की इतक्या रीतसर तर तिचा नवरासुद्धा निवृत्त झाला नाही.

अख्खं गाव त्यांना दोरकाकू म्हणे. काकूंना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

संसारात त्यांना दुःख एकच, ते म्हणजे काकांची गाठ. काकांना गाठ बांधता येत नव्हती असं नाही. त्यांना ती सोडवता येत नव्हती. एक वेढा, त्यावर दुसरा, त्यातून टोक, टोकावर पुन्हा वेढा, आणि मग "असू दे" म्हणून आणखी एक. बांधून झाली की ते तिच्याकडे समाधानाने बघत आणि त्याच क्षणी ती कशी बांधली ते विसरून जात. सोडायची वेळ आली की विळा.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी अशा रीतीने एका चांगल्या दोराची खांडोळी केली होती. काकूंनी काही आदळआपट केली नाही. दुपारी ताटाशेजारी ते सगळे तुकडे ओळीने मांडून ठेवले आणि शांतपणे विचारलं, "यातल्या कुठल्या तुकड्याने गाडी बांधू, तेवढं सांगा. मग जेवा."

तेव्हापासून घरात कायदा होता. दोर कापायचा नाही. गाठ बसली तर हाक मारायची. काका हाक मारत, काकू येत, अंबाड्यात खोचलेली गुळगुळीत लाकडी सुई काढून गाठीत घालत आणि सोडवता सोडवता बोलत. गाठ जितकी किचकट तितकं बोलणं लांब. "ही दोर सोडवते आणि चऱ्हाट वळते," असं काका म्हणत. तेही हळूच.

त्या वर्षी गाडीचा दोर जनावरांकडे गेला आणि नवा घेणं भाग पडलं. काकू काकांना घेऊन बाजारातल्या दुकानात गेल्या. काकूंना येताना बघून दुकानदाराने आधी काचेची बरणी गल्ल्यावरून उचलून आत ठेवली. मागच्या खेपेचा अनुभव होता.

"काकू, या वेळी प्लास्टिकचा घ्या," तो म्हणाला. "बघा कसा चकाकतोय. पावसात कुजत नाही, उंदीर तोंड लावत नाही."

"चकाकतो म्हणूनच निसटतो," काकू म्हणाल्या. "गाठ धरायला अंगात खरखर लागते. आणि वर्षभर उन्हात ठेवला की पापडासारखा मोडतो. सुती काढा."

सुती दोर निघाले. काकूंनी एकाचा पीळ उलटा फिरवून पोट उघडलं आणि आत डोकावल्या. बाहेरून पांढरा, आतून काळपट. "याने पावसाळा पाहिलाय," त्या म्हणाल्या आणि तो बाजूला सारला. दुसरा कानाशी नेऊन वाकवला. "करकरतो." तिसरा आतून-बाहेरून एकाच रंगाचा होता. तो त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून ओढून घेतला. सांधा लागला नाही. वासही घेतला. मग दुकानदाराला म्हणाल्या, "हात पुढे करा."

"माझा कशाला?"

"माझ्या हातांना आता काही कळत नाही, कातडं जाड झालंय. काकांचं तर विचारूच नका. तुमचं मऊ आहे. उद्या हा दोर जनावरांकडे जाणार, त्यांना टोचायला नको."

दुकानदाराने मुकाट्याने हात पुढे केला. काकूंनी दंडावर दोर घासला. "टोचतोय?"

"थोडा गुदगुल्या करतोय."

"चालेल. आता ताणून बघायचा."

एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला दुकानदार, आणि मधोमध काकू दोर धरून पाय वर घेऊन लोंबल्या. दोर तसूभर हलला नाही. दुकानदार मात्र हलला, हलला तो थेट खुरप्यांच्या ढिगावर जाऊन बसला. काकूंनी दोर घेतला.

घरी आल्यावर त्याची टोकं उसवू नयेत म्हणून त्यांनी दोन्हीकडे सूत गच्च गुंडाळलं आणि पीळ बसावा म्हणून दोर अंगणात झाडापासून खांबापर्यंत सावलीत ताणून ठेवला. आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा थोरला भाऊ आला.

दादा हा चांगला ऐसपैस माणूस. शहरात राहायचा, महिन्याकाठी एकदा बहिणीकडे यायचा, पोटभर जेवायचा आणि सल्ले द्यायचा. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचे कपडे आणि पायात नवेकोरे चामड्याचे बूट होते.

"अगं, पाहुण्याला बाहेर झोपवतेस आणि आत चांगल्या खोलीत दोर?" जेवण झाल्यावर त्याने विचारलं. हे तो दर खेपेला विचारायचा.

"तुला वारा लागला काय, नाही लागला काय, तू कुजणार थोडाच आहेस," काकू म्हणाल्या.

तेव्हा गोठ्याजवळच्या झाडाखाली बाज टाकली गेली. दादा बूट घालूनच तिच्यावर आडवा झाला, कारण कोंबड्या बूट पळवतात असं त्याचं मत होतं. आणि लगेच घोरायला लागला.

काका गोठ्यात शेण काढत होते. म्हशीचा खुंटा हलत होता, तो पुन्हा ठोकायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यापुरती म्हैस कुठेतरी अडकवायची म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. जवळचा दोर तो नवा, झाडाला लावलेला. जवळची पक्की वस्तू म्हणजे बाज, तीही वर दादा असल्यामुळे चांगलीच पक्की. काकूंची गाठ असल्यामुळे तो एका ओढीत सुटला. काकांनी त्याचं एक टोक म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या कडीत साध्या फासाने अडकवलं, दुसरं बाजेच्या पायाला बांधलं. एक वेढा, दुसरा वेढा, त्यातून टोक. असू दे म्हणून आणखी एक. मग ते हातोडा आणायला घरात गेले.

म्हशीची तळ्यावर जायची वेळ झाली होती. ती निघाली.

दोर ताणला गेला तेव्हा ती क्षणभर थांबली, मागे बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा निघाली. अंगणाला उतार, पुढे रस्त्याला उतार, आणि रस्ता सरळ तळ्यात. बाज आधी कुरकुरली, मग घसरली, मग तिला चाल सापडली. दादाला स्वप्न पडत होतं की तो रेल्वेत बसलाय. जाग आली तेव्हा न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं तोंडाला फेस घेऊन त्याच्याकडे बघत होती.

"कुठे निघालात?" न्हाव्याने विचारलं.

दादाला सांगता येईना. उतरावं तर बाज जोरात, बसावं तर म्हैस कुठे नेईल नेम नाही. तो दोन्ही हातांनी बाज धरून बसून राहिला. तळ्यात शिरताना त्याने फक्त पाय वर घेतले.

म्हैस मध्यावर जाऊन ऐसपैस बसली. बाज चारही पायांवर पाण्यात उभी राहिली. पाणी सुंभाच्या विणीला लागेल न लागेल इतकं. वर दादा, मांडी घालून, बुटांसकट.

काकू पोचल्या तोवर अर्धं गाव काठावर होतं. मागून काका धावत आले. हातात विळा. सवयीने.

"कापा," दादा ओरडला. "भाऊजी, आधी हा दोर कापा."

"कापायचा नाही," काकू म्हणाल्या.

काका गुडघाभर पाण्यात होते, तिथेच थांबले. एकीकडे मेहुणा, दुसरीकडे बायको. त्यांनी विळा पाठीमागे लपवला.

"तुला दोर प्यारा की सख्खा भाऊ?" दादाने विचारलं.

"भाऊ बुडत नाहीये. बसलाय," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून पाण्यात शिरल्या. बाजेजवळ जाऊन त्यांनी पाण्याखाली हात घालून गाठ चाचपली, आणि त्यांचा चेहरा पडला. सुती दोर पाण्यात फुगतो. काकांची गाठ मुळातच तशी, त्यात म्हशीने गावभर ओढून आवळलेली आणि वर भिजलेली. सुई शिरेना.

"अहो, हे काय बांधलंय?"

"दोन मिनिटांसाठी होतं," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा हात फिरवला. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "दादा, खाली उतर. बाज हलकी झाली की तिचा पाय उचलते. गाठ न सोडता अख्खा फास खालून निघेल."

"पाण्यात? मी?"

"गुडघ्याएवढंच आहे. माझ्याकडे बघ ना, उभी आहे."

"माझे बूट नवे आहेत."

"काढून डोक्यावर घे."

"आणि खाली चिखल असेल तर? जळवा असतील तर? तू कापत का नाहीस? मी तुला दहा दोर आणून देतो. प्लास्टिकचे, पक्के."

हे बोलायला नको होतं. काकू प्लास्टिकवर घसरल्या. ऊन, पापड, खरखर, निसटणं, सगळं आलं. काठावरच्या लोकांनी बूड टेकलं. न्हाव्याची गिऱ्हाइकं फेसासकट येऊन बसली. दादाही काही कमी नव्हता. लहानपणी हिने त्याच्या पतंगाचा मांजा गुंडाळून ठेवायला मागितला होता आणि अजून दिलेला नाही, इथून त्याने सुरुवात केली.

"जपून ठेवलाय," काकू म्हणाल्या. "तुला दिला असता तर आज असता का?"

या मुद्द्यावर दादा उसळून उभा राहिला. बाजेवर उभं राहून भांडायची त्याला सवय नव्हती. त्याने एक बोट वर केलं, काहीतरी फार मोठं बोलायला तोंड उघडलं, आणि बाज एका बाजूला कलली. दादा पाण्यात बसला. तळं काठापर्यंत उसळलं. बाज हलकी होऊन वर आली, काकूंनी तिचा पाय उचलला आणि फास अलगद निघाला.

त्यांनी आधी म्हशीच्या कडीतलं टोक सोडवलं, दोर गोळा करून खांद्यावर टाकला. मग भावाला हात दिला.

काठ निसरडा होता आणि दादा दोनदा घसरून परत तळ्यात गेला. शेवटी काकूंनी दोराचं मधलं वेटोळं त्याच्या काखेखालून घातलं. काका, न्हावी, फेसवाले, सगळे दोराला लागले आणि दादा चिखलासकट वर आला. दोराला काही झालं नाही. ओढणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याची तारीफसुद्धा केली. दादाची कुणी केली नाही.

म्हैस तिचं आटपल्यावर आपणहून घरी आली.

संध्याकाळी दादा काकांचा सदरा घालून पडवीत बसला होता. सदरा पोटापर्यंत पोचत नव्हता. बूट चुलीजवळ वाळत होते. काकूंनी दोर स्वच्छ पाण्यात धुऊन, चिखल काढून, सावलीत वाऱ्याला लावला होता. गाठ तेवढी राहिली होती. ती मांडीवर घेऊन त्या सुईने टोकरत होत्या आणि नेहमीप्रमाणे बोलत होत्या. काका समोर बसून मान हलवत होते.

दादाने बराच वेळ दुसरीकडे बघितलं. मग तिरक्या नजरेने गाठीकडे बघितलं. मग म्हणाला, "ते खालचं टोक आधी मागे रेटायला हवं."

"कुठलं?"

"ते नाही. त्याच्या पलीकडचं."

"हेच तर रेटतेय."

"आण इकडे."

काकूंनी दोर दिला, सुई दिली. दादा सरसावून बसला. एक वेढा सैल झाला. चहा आला आणि गार झाला. काकांनी दिवा जवळ आणून धरला आणि गाठ बांधताना काय काय केलं असेल याचे अंदाज सांगायला लागले, ते सगळे चुकीचे निघाले. काकू आता गप्प होत्या. भाऊ जीभ दाताखाली धरून टोकरत होता, लहानपणी मांजाचा गुंता सोडवायचा तसाच.

शेवटचा फास सुटला तेव्हा दादाने दोर दोन्ही हातांनी ताणून सगळ्यांना दाखवला. कुठे काप नाही, कुठे झीज नाही. "हां," तो म्हणाला. "याला म्हणतात गाठ सोडवणं."

शहरात परतल्यावर त्याने ही हकिकत जो भेटेल त्याला सांगितली. बहिणीच्या घरी कुणालाही न सुटलेली गाठ आपण कशी सोडवली, कुठलं टोक आधी रेटलं, सगळं तपशीलवार. तळ्याचा विषय त्यात कुठेच नव्हता. "पण ती गाठ भिजली होती म्हणताय, ती कशी?" असं कुणी विचारलं, तर तो म्हणे, "शेतावर काय, पाणी असतंच."