दही चाटण्याआधी

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर सासूबाई दही-साखर ठेवतात. त्यात काही नवल नाही. नवल पुढं आहे. दही ठेवलं की त्या विचारतात, "काय करून येशील?" उत्तर मोठ्यानं, घरच्या सगळ्यांसमोर द्यायचं. एकच गोष्ट सांगायची, आणि मगच दही चाटायचं. नवरा मुलाखतीला निघाला तेव्हा त्यानं "नोकरी घेऊन येईन" असं सांगितलं होतं. गेल्या वर्षी माझी पाळी होती. मी छाती काढून म्हटलं, "पूर्ण करून येईन."

आणि बोटीत बसून आले.

शर्यत गोव्याची. समुद्रात दोन किलोमीटरच्या आसपास पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर नव्वद किलोमीटर जायचं, उतरलं की एकवीस पळायचं, आणि प्रत्येक टप्प्याला वेळ ठरलेली; ती चुकली की शर्यतीबाहेर. माझी वेळ समुद्रातच संपली. शर्यतवाल्यांनी मला ओढून बोटीत घेतलं. ही बातमी आमच्या राळेगावात माझ्याआधी पोचली. मी शिकवते त्या शाळेत एका सरांनी विचारलं, "मॅडम, बोटीचं तिकीट लागते काय?" असा संताप आला म्हणून सांगू! त्याच तिरमिरीत घरी येऊन मीच बोलून बसले, "आता एक बखत अजून जाईन. नाही जमलं तं सायकल इकून टाकीन!" नवरा साधा माणूस, पण शब्दाचा पक्का. "हाव," म्हणाला, आणि विषय संपला. माझी जीभ कुणीतरी तेव्हाच धरायला हवी होती.

कारण सायकल म्हणजे माझी सकाळ. उजाडताना कापसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर मी कुणाची मॅडम नसते, कुणाची सून नसते, आई नसते. घरी परतले की दिवसभर सगळ्यांची असते, त्याला माझी ना नाही. पण ती सकाळ गेली तर मी आतून वाळून जाईन, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतील, बाई खाऊन-पिऊन सुखी आहे, तं दुखते कुठं?

पुण्याचे एक प्रशिक्षक मला फोनवरून शिकवायचे. निघायच्या महिनाभर आधी ते म्हणाले, "तीन ध्येयं ठरवा. एक स्वप्नातलं, एक जमण्यासारखं, आणि एक काहीही झालं तरी न सोडायचं." मी कणीक मळता मळता ठरवली. स्वप्नातलं: पळतानासुद्धा कुठं चालायचं नाही. जमण्यासारखं: वेळेत पूर्ण करायचं. न सोडायचं: पाण्यातून वेळेत निघायचं. तिसरं तर होणारच, असं मी धरून चालले होते. वर्षभर विहिरीत घाम गाळला होता ना!

हो, विहिरीत. तरणतलाव यवतमाळला, आणि शाळा-स्वयंपाक सांभाळून रोज तिकडं कोण जाणार? मी पोहायला शिकले तेच माहेरी आर्णीकडच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. आमच्याकडं सगळे असेच शिकतात. आता सासरच्या शेतातल्या मोठ्या विहिरीत काठाकाठानं गोल गोल फिरायचे, न थांबता, दम तुटेपर्यंत. दम वाढला, हात भरले. प्रशिक्षकांना आकडे सांगितले की ते खूश व्हायचे.

जायच्या आठवड्यात नवरा म्हणाला, "एकदा मोकळ्या पाण्यात पाहून घे." म्हणून बेंबळ्याच्या धरणावर गेलो. समोरच्या काठावरचं बाभळीचं झाड धरून मी निघाले. डोकं पाण्यात घातलं आणि जीव लावून हात मारले. वाटलं, आता झाड जवळ आलं असेल. मान वर काढली तर समोर नवरा उभा, माझा टॉवेल खांद्यावर घेऊन!

"अवो, तू तं वापस आली!" तो हसायला लागला.

पुन्हा निघाले. पुन्हा डावीकडं वळत वळत त्याच्याच पुढ्यात. तिसऱ्यांदा दर चार हातांनी मान वर काढून झाड पाहिलं, तर दम गेला आणि नाकातोंडात पाणी गेलं. वर्षभर मी अंगाला गोल फिरायचंच शिकवलं होतं. वळण अंगात मुरलं होतं, आणि हातात उरले होते मोजके दिवस. मी चिखलात बसून हमसून हमसून रडले. नवऱ्याचं हसू विरलं. परत येताना गाडीवर त्यानं सायकलीचं नाव मुळीच काढलं नाही. ते जास्त लागलं.

पाण्यातच दम संपला तर न चालता पळणार कशी? पहिलं ध्येय त्या दिवशी गेलं. दुसरं त्याच्या मागोमाग. आणि ज्याला मी धरूनच चालले होते, ते तिसरंही आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

निघायचा दिवस आला. सायकल खोक्यात बांधून ओसरीवर ठेवली होती. मी हात पुढं केला. सासूबाईंनी दही ठेवलं, वर साखर घातली.

"काय करून येशील?"

बोटांतून दही गळायला लागलं. नवरा म्हणाला, "लवकर बोल, बस निघून जाईन."

"आई, मले सरळ पोहताच येत नाही," मी म्हणाले.

"मंग जाऊन कायले राह्यली?"

"नाही गेली तं सायकल आताच जाते. गेली आन् नाही झालं तं आल्यावर जाते." माझा आवाज चिरकला. "मंग मी सकाळी उठू कायच्यासाठी, आई? सांगा ना तुम्हीच! कायच्यासाठी उठू?"

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, वाटीतलं उरलेलं दही माझ्या हातावर घातलं आणि म्हणाल्या, "तेच म्हन. वापस आल्यावर सकाळी उठीन म्हन."

"आन् सायकल?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"तू चूप बस."

बाहेर बसचा भोंगा वाजला. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"उठीन," मी म्हणाले.

"मोठ्यानं."