हरण्याआधीच शिजवलेला रस्सा

आमच्या कॉलेजचा फुटबॉलचा इतिहास अत्यंत उज्ज्वल आहे; फक्त त्यात विजय फारसे नाहीत.

कोल्हापुरात आमचं कॉलेज टेकडीवर, आमच्या वैऱ्यांचं तळ्याकाठी. वैराचं मूळ असं, की फार पूर्वी आमच्या पोरांचा बॉल घरंगळत खाली गेला आणि तळेवाल्यांनी तो अजून परत दिलेला नाही. (त्यांच्या मते तो मुळात त्यांचाच होता!) तेव्हापासून दरवर्षी मॅच. लोक दुबईला येताना लोणचं आणतात, आम्ही दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांनी हे भांडण आणलं. सोबत नियमही आणला: हरलेल्यांनी जिंकलेल्यांना तांबडा-पांढरा रस्सा करून घालायचा.

दुबईत आल्यापासून दरवर्षी आम्हीच रस्सा घालतोय. गोलकीपर मी!

तळेवाल्यांचा कॅप्टन जाधव डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. लिफ्टमध्ये भेटला, की वर्षभर माझ्याकडे बघून पोटावरून हात फिरवतो. त्यात यंदा मॅचच्या आदल्या दिवशी माझ्या लेकीनं, सईनं, विचारलं, "बाबा, हॅव यू एव्हर वन एनिथिंग?"

ठरवलं, यंदा काय वाट्टेल ते होवो, जिंकायचंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास.

"मंजू, हे काय?"

"रस्सा! दरवर्षी तुम्ही हरून येणार आणि मग मी दमलेली असताना मटण शिजवत बसणार? खलास! यंदा आधीच करून नेऊ."

"अगं, पण जिंकलो तर?"

बायको इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. (ते कांद्यामुळं आलं, असं ती अजूनही सांगते.) दोन पातेली गाडीत चढली. सई म्हणाली, "बाबा, डिफीट इज ऑलरेडी इन द डिकी."

पहिल्या हाफमध्येच आम्ही दोन गोल खाल्ले. दुसरा तर माझ्या दोन पायांमधून इतक्या निवांत गेला, की मीच वळून त्याला वाट दिली असं लोकांना वाटलं.

हाफ टाइमला मंजूनं रस्सा सांडला की काय ते बघायला डिकी उघडली. वारा मैदानाच्या दिशेनं होता. जाधव नाक वर करून थेट गाडीपाशी!

"वहिनी, हा आमचाच रस्सा न्हवं?"

"तुमचाच, भावजी. पण मॅचनंतर."

"आत्ता खाल्ला काय, मग खाल्ला काय! निकाल तर ठरलेलाच हाय. यल्ला, या रे सगळे!"

त्यांची अख्खी टीम तुटून पडली. मी अडवायला गेलो, तर आमचा कॅप्टन दिगूनं माझा हात धरला. "थांब मर्दा. वाढ त्यांना. आग्रह करून वाढ!"

मग काय! आम्ही अकराच्या अकरा जण वाढायला लागलो. "जाधव, अजून एक वाटी! पांढरा घ्या की! पाहुण्यासारखं लाजताय काय?" दोन्ही पातेली चाटूनपुसून रिकामी झाली.

दुसऱ्या हाफमध्ये तळेवाले धावत नव्हते, शतपावली करत होते. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकला तो टेकलाच. आम्ही लागोपाठ तीन गोल केले!

शेवटच्या क्षणाला मात्र बॉल घेऊन जाधव एकटा माझ्यासमोर आला. त्यानं पाय उचलला आणि त्याच क्षणी त्याला तांबड्या रश्श्याचा असा ठसका लागला, की बॉल हळूच घरंगळत येऊन माझ्या हातात बसला. शिट्टी वाजली. जिंकलो!

सई धावत आली आणि गळ्यात पडली. "बाबा, यू वन! यू ॲक्चुअली वन!" खोटं कशाला बोलू, मी रडलो. त्या संध्याकाळी विजेत्यांना रस्सा मिळाला नाही, कडक चहा आणि पराठ्यावर भागवलं, पण तो पराठा अमृताहून गोड लागला. आणि जाधव? नळाखाली उकिडवा बसून आमची पातेली घासत होता. मी समोर उभा राहून पोटावरून हात फिरवला.

परवा दिगूनं पुढच्या वर्षाची टीम जाहीर केली. मंजूचं नाव सर्वांत वर आहे. मला वगळलंय. कांदे चिरायला तेवढं बोलावलंय!