विझली म्हणून लिहिलेली आग

मामा आग पायांनी शोधायचे. चैत्रात जमीन अशी तापते की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि हा माणूस जंगलात शिरताना चपला काढून कमरेच्या दुपट्ट्यात खोचायचा. मी हसलो तर म्हणाले, "डोऱ्यानं अर्धीच आग दिसते, साहेब. बाकीची पायाले समजते."

मामा म्हणजे वनखात्याचे हंगामी वाचर. होळीपासून पावसाळ्यापर्यंत आगीवर नजर ठेवायची, रोजंदारी घ्यायची आणि पुढच्या वर्षी यादीत नाव येतं का याची वाट पाहायची, एवढीच त्यांची नोकरी. टोला म्हणजे जंगलाकाठची त्यांची छोटी वस्ती; सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. मी तिरोड्याचा, चोवीस वर्षांचा, चिचगडकडच्या बीटवर नवाच वनरक्षक म्हणून आलेलो. खाकी अंगात चढल्याबरोबर जंगल आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मामांच्या खांद्यावर कायम एक खराटा असे. मोहफुलं पडायला लागली की बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे काळ्या जमिनीवर फूल लगेच दिसतं. आजीनं केलं, आईनं केलं, म्हणून करायचं. मामा भांडत बसायचे नाहीत. पहाटेच झाडाखाली जाऊन उभे राहायचे. "काडी नोको लावू वो बाई. मी झाडून देतो." एका मोसमात त्यांनी किती झाडांखालचं अंगण झाडलं असेल, देव जाणे. खात्यानं त्यांना ते काम कधीच सांगितलं नव्हतं.

त्यांचा सगळा जीव टोल्यामागच्या दलदलीत होता. वर जुना तलाव, खाली त्यांचा टोला, आणि मध्ये तलावाच्या पाझरावर पिढ्यानपिढ्या ओली राहिलेली ती काळी, मऊ जमीन. मग तलावाची पाळ दुरुस्त झाली, पाझर थांबला आणि दलदल दोन-तीन उन्हाळ्यांतच सुकली. गावाला आनंद झाला, गुरांना चरायला जागा झाली म्हणून. मामा मात्र ती माती मुठीत चुरून मला दाखवायचे. तिच्यात गवताच्या मुळ्या तशाच्या तशा दिसत. "झाड जरलं तं पोराच्या हयातीत उभं रायते. हे माती जरली तं कोनाच्याच हयातीत नाई," ते म्हणायचे. म्हातारा उगाच भिववतो, असं मला वाटायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं, अशा मातीला पीट म्हणतात. पाण्याखाली गवत पुरतं कुजत नाही, त्यामुळे शेकडो वर्षांचा कार्बन तिथे दबून राहतो. ती सुकून पेटली की तो सगळा थोड्या दिवसांत धूर होऊन वर जातो. हवा आणखी तापते, उन्हाळा आणखी कडक होतो, आणि उरलेल्या दलदली पुढच्या आगीसाठी सुकत जातात. शिकवणारे साहेब फळ्यावर गोल बाण काढत होते आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो.

कारण त्या वर्षी दलदलीच्या काठावरचं एकच मोहाचं झाड मामांच्या खराट्यातून सुटलं होतं. कुणीतरी काडी लावली. पाचोळ्यातून आग गवतात गेली. आम्ही आठ-दहा जणांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती दुपारपर्यंत विझवली. ज्वाळ कुठे दिसेना. मामा मात्र अनवाणी फिरत होते, थांबत होते, परत फिरत होते. "विझली नाई, साहेब. खाली गेली."

दुसऱ्या दिवशी मला तिरोड्याला मुलगी पाहायला जायचं होतं. आग चालू आहे म्हटलं असतं तर रजा गेली असती. मी वायरलेसवर कळवलं आणि अहवालातही लिहिलं, आग पूर्ण विझली. चहापोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, आणि चौथ्या दिवशी शीळ घालत परत आलो.

टोल्यावर धूर जमिनीला चिकटून सरकत होता. माझ्यासमोर एक अर्जुनाचं झाड, हिरवंगार, ज्वाळ नाही की काही नाही, कलंडलं आणि आडवं झालं. खालून मुळंच जळून गेली होती. मामा चार बायांना घेऊन टोल्याच्या बाजूनं चर खणत होते. एका पायाला गुडघ्यापर्यंत फडकं गुंडाळलेलं. वरची माती खचून पाय आत गेला होता. पलीकडे पन्नास पावलांवर तणसीचे, म्हणजे धानाच्या वाळक्या पेंढ्याचे, ढीग होते, आणि त्यांना लागून घरं.

"पानी पायजे, साहेब. तलावाचं पानी इकडं वळवा लागते."

ते पाणी उन्हाळी धानाचं होतं. मामा तीन दिवस पाटलांच्या दारात जाऊन आले होते. पाटील पोवार समाजाचे, तलावाचं पाणीवाटप त्यांच्याकडे, माणूस वाईट नाही. त्यांचं एकच उत्तर. "गार्डसाहेबानं लिहून देल्लं ना विझली म्हून? मंग माहे धान कायले वाळवू?"

मामा मला रागानं एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. मी तसाच पाटलांकडे गेलो आणि ओसरीवर चार माणसांसमोर म्हणालो, "मी खोटं लिहिलं. आग खाली चालू आहे. टोला जाईल." पाटील उठले, स्वतः येऊन दलदलीवर तळवा ठेवला, झटक्यात उचलला आणि तलावाचं दार उघडायला माणूस पाठवला. दोन दिवस पाणी वाहत राहिलं आणि जमीन फुसफुसत राहिली. टोला वाचला. अर्धी दलदल खोल खड्डा होऊन बसली, आणि पाटलांचं धान निम्मं वाळलं.

चौकशीला वरिष्ठ आले. मला विचारलं, विझल्याचा अहवाल कशावरून दिला? मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झाले. "मीच सांगतलं सायबाले, विझली म्हून. माही चूक झाली." ओसरीवर खरं बोललेला मी तिथे गप्प उभा राहिलो. माझं लग्न ठरत होतं, नोकरी दीड वर्षाची होती, आणि मी भित्रा होतो. बाकी काही कारण नाही.

पुढच्या वर्षी यादीत मामांचं नाव आलं नाही. त्यानंतरही नाही. मी भेटायला गेलो की ते खाट पुढे सरकवायचे, मोहाच्या फुलांची खबर द्यायचे, त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. एकदा धीर करून विचारलं, "मामा, काऊन केलं असं?" तर म्हणाले, "तुमी पाटलापुढं बोलले ना. तेवढं पुरे." मला ते पुरलं नाही, पण मी मान हलवली.

मामा गेले तेव्हा माझी बदली सडक अर्जुनीला झाली होती. मी मातीला पोहोचलो. खात्यातलं दुसरं कुणी नव्हतं, कारण खात्याच्या कागदात ते अजूनही आग न ओळखणारे वाचर आहेत. तो कागद चूक आहे. ती आग विझली असं मी लिहिलं. मामांनी मला तोंडावर सांगितलं होतं, विझली नाही.