तेल ते तेल

पॉवर स्टिअरिंगचा गळका पाइप मी स्वतःच बदलला आणि त्याच्या टाकीत स्टिअरिंगच्या तेलाऐवजी ब्रेक ऑइल ओतलं. तेल ते तेल, हे माझं तरुणपणचं फोडणीतलं विज्ञान! चाक वळवलं की गाडी म्हशीसारखी रेकायची.

शेजारचे काका कारखान्यातून रिटायर झालेले. कुकर असो की जावई, ते आधी डोळे मिटून ऐकायचे. गाडीचंही ऐकलं, तेलात बोट बुडवून वास घेतला आणि किल्ली सरळ स्वतःच्या खिशात टाकली.

“काका, उद्या मैत्रिणींना भेडाघाटला नेऊन राहिली मी! साऱ्यांना सांगून बसली!”

“स्टिअरिंगचे रबरी सील खाल्ले त्या तेलानं. वळणावर चाक अडलं, तर सरळ नर्मदाजीत!”

मी तणतणत घरी आले. संध्याकाळी ते दारात आले आणि म्हणाले, “टॅक्सी सांगितली, बेटा. मागे बसजो, अन् ड्रायव्हर भैयाला काही शिकवू नको.”